खिडकी नंबर चार

बाटलीपाठोपाठ नाव बदलत आलंय.
गळतग्याच्या केंद्रात हौसाक्का,
चिकोडीच्या यादीत, कन्नडात, हौसव्वा,
आमच्या बेळगावच्या कॉम्प्युटरात हौसाबाई रामू चौगले,
वय पंचेचाळीस, काम तंबाखूच्या वखारीत, निपाणी.
बाई एकच. मी फोन करून खात्री केली.
"व्हय, मीच. आता आणि काय निघालं?"

तिचा राग रास्त आहे.
दोन वर्षांत तीनदा बोलावलं आम्ही तिला.
विषाणू आहे म्हणालो.
मग म्हणालो, स्लाइड नीट कळत नाही.
मग दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणालो,
काही नाही, पण पुन्हा या.
दर खेपेला एक हजेरी बुडाली,
दर खेपेला मुकादमाला नवं खोटं
आणि सासूला जुनंच.
चौथ्या खेपेला ती आली नाही.
रजिस्टरात मी 'गैरहजर' लिहिलं
आणि पान उलटलं.

आता लॅबमध्ये दोन नवे रंग आलेत.
महाग आहेत, थेंब मोजून वापरतो.
एक तपकिरी, ओल्या जर्द्यासारखा:
तो दिसला की समजायचं, पेशीनं ब्रेक दाबलाय.
दुसरा लाल, ऐन गाभ्यात उतरणारा:
म्हणजे गाडी चालू आहे.
वेगवेगळ्या पेशींत दिसले तर दिसू देत.
पण एकाच पेशीत दोन्ही?
तवंदी घाट उतरणारा ट्रक आठवा,
पाय ब्रेकवर, आणि चाकं ऐकत नाहीत.

गर्भाशयाच्या तोंडाशी दोन तऱ्हेच्या पेशी भेटतात,
बाहेरच्या चपट्या, आतल्या उभट.
मधली रेघ वयाबरोबर सरकत राहते,
आणि दुखणं बहुतेक त्या रेघेवरच धरतं,
असं सरांनी शिकवलं तेव्हा
मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं होतं.
वर्गात आम्ही सगळे सीमाभागातले.

हौसाक्काची स्लाइड मी दोनदा फिरवली.
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
एकाही पेशीत दोन रंग नाहीत.
"आता लगेच यायचं नाही," मी सांगितलं, "पुढची तारीख आम्ही कळवू, लांबची."
"यायचं न्हाई म्हंजे?"
"म्हणजे गरज नाही."
पलीकडे बराच वेळ वखारीतला खोकला ऐकू आला.
"मग हे आदी का न्हाई सांगितलं?"
आधी हे रंग नव्हते, बाई.
हे मी म्हणाले नाही. सॉरी म्हणाले.

त्याच ट्रेमधली सातवी स्लाइड.
निंगव्वा, वय अडतीस, वखार तीच.
फिकट निळ्या पेशींचा नुसता पसारा,
हजारो, निर्धास्त,
आणि डाव्या कोपऱ्यात, जवळजवळ काचेच्या कडेला,
तपकिरी अंगात लाल डोळा.
मी पुढे गेले. परत आले.
मॅडमना हाक मारली.
त्या काही बोलल्या नाहीत,
पेनानं काचेवर एक ठिपका दिला.

निंगव्वाला फोन नाही.
फॉर्मवरचा नंबर लावला तर
"आता आणि काय?"
हौसाक्काच.
"तुमचं नाही. निंगव्वाला द्या."
मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं तिला,
कॅन्सर नव्हे, त्याच्या अलीकडचं असेल काहीतरी,
तपासून बघू, असेल तर तिथंच काढता येतं,
गुरुवारी या.
ती फक्त "हूं, हूं" करत राहिली.

गुरुवारी नऊला खिडकी नंबर चारपाशी दोघी.
एकीच्या हातात डबा, दुसरीचे हात रिकामे, पदरात.
"तुम्हाला बोलावलं नव्हतं," मी म्हणाले.
"म्हाईत हाय," हौसाक्का म्हणाली.
"पर हिला जिना घावला नसता.
मी तीनदा आल्ये न्हवं?"
मग खिडकीतून बोट आत घालून
माझ्या रजिस्टरावर टेकवलं:
"आणि नाव नीट ल्ह्या.
निंगव्वा. निंगाबाई न्हवं."